वेल कुठल्या हाताने चढते?

संपादकांचा निरोप एका ओळीचा होता. यंदाच्या अंकाचा विषय 'परसदार'. तेव्हा कुठल्या तरी परसात जाऊन बसा, दिसेल ते लिहा. परसं आपल्याकडेही आहेत. पण तंजावर मुलखातल्या मराठी घरांविषयी बरीच वर्षं ऐकत आले होते, आणि ओळखीतून एका घराचं आमंत्रणही होतं. घर कुंभकोणमच्या पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर, स्वामिमलैला लागून असलेल्या तिरुवलंचुळी गावात. या गावाचं नाव नदीच्या उजव्या वळणावरून पडलेलं. ते कळल्यावर काय पाहायचं हे जाण्याआधीच ठरलं. ज्या गावाने वळणाची दिशा नावात नोंदवून ठेवली, तिथल्या परसात कोण कुठे वळतं तेच बघायचं.

नदीचं वळण

आडी महिना संपत आला होता, म्हणजे आपला श्रावण. मेट्टूर धरणातून सोडलेलं पाणी कल्लणैच्या बंधाऱ्यावरून पुढे फाट्याफाट्यांत वाटलं जातं. त्यातला अरसलार हा फाटा या भागातून वाहतो. घाटाच्या पायऱ्यांवर आडिप्पेरुक्कूच्या, म्हणजे नदीच्या ओटीभरणाच्या सणाच्या खुणा अजून होत्या: हळदीचे डाग, वाळलेली फुलं, पिवळे दोरे.

गावची कथा अशी. कावेरी इथे जमिनीतल्या एका विवरात शिरली आणि गडप झाली. चोळ राजा हवालदिल झाला. तेव्हा हेरंड नावाचे ऋषी स्वतः त्या विवरात उतरले, त्यांच्या बलिदानाने विवर बुजलं आणि नदी वर आली. वर आल्यावर तिने कपर्दीश्वराला उजवी घातली. त्या देवळात शंकर आहेच, पण गर्दी असते ती पांढऱ्या गणपतीला. समुद्रमंथनाच्या फेसातून ही मूर्ती झाली अशी श्रद्धा. म्हणून तिला अभिषेक नाही, पाण्याचा थेंबही नाही; वर फक्त भीमसेनी कापराची पूड घालतात. देवळाची दगडी जाळी पाहून घ्यावी अशी. जुने पाथरवट काम पत्करताना म्हणे अट घालत: काय सांगाल ते घडवू, पण आवुडैयारकोयिलचं छज्ज्याचं काम, तंजावरचं थोरलं शिखर आणि तिरुवलंचुळीची जाळी तेवढी सोडून. यादीत आणखी एक नाव असतं, कडारंकोंडानच्या तटाचं. जाळीसमोर उभं राहिलं की अट रास्त वाटते.

आता विवराची गोष्ट बाजूला ठेवून वळणाकडे येऊ. भोवऱ्याची दिशा पृथ्वीच्या फिरण्यावरून ठरते, उत्तर गोलार्धात एक आणि दक्षिणेत दुसरी, हे आपण शाळेपासून ऐकतो. चक्रीवादळाच्या बाबतीत ते खरं. नदीतल्या हातभर भोवऱ्याला मात्र ते लागू नाही. एवढ्याशा पाण्यावर पृथ्वीच्या फिरण्याचा जोर नगण्य असतो, आणि हा मुलूख विषुववृत्तापासून जेमतेम 11 अंशांवर, जिथे तो जोर मुळातच क्षीण. इथे दिशा ठरवतात तो काठ, खडक आणि पाण्याचा वेग.

वळणावर मात्र पाणी खरोखरच पिळतं. वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आपटतं, खाली उतरतं आणि तळाशी घासत आतल्या काठाकडे येतं. म्हणजे नदी पुढेही जाते आणि स्वतःभोवती फिरतेही. 1926 साली आइन्स्टाइनने चहाच्या कपात ढवळल्यावर पत्ती मधोमध का गोळा होते याचा खुलासा करताना नदीच्या वळणांचाही खुलासा केला, तो हाच. बाहेरचा काठ कापला जातो, आतल्या काठावर गाळ बसतो. त्या बारीक गाळाचं पुढे काम पडणार आहे.

परसातली फुलं

घर आजींचं. मूळ देशस्थ, व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ आलेल्या घराण्यांपैकी, असं त्या सांगतात. बोलतात ती मराठी चढउतारांत पूर्ण तमिळ. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव 1828 साली कुंभकोणमलाच जन्मले. त्यांच्याविषयी आजी शेजारच्या वाड्यातल्या माणसासारखं बोलतात.

परस लांबोळकं. विहीर, केळी, हादगा, जास्वंदीची झाडं, दोन रंगांची कण्हेर, तगर, कुंपणावर गोकर्ण, मांडवावर पडवळ, मागे नारळ. सकाळची फुलं काढायला आजींबरोबर गेले तेव्हा जास्वंदीपासून सुरुवात केली. जास्वंदीला पाच पाकळ्या. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या खाली दबलेली असते, दुसरी पलीकडच्या शेजारणीवर चढलेली. पाचही पाकळ्या एकाच दिशेने अशा रचलेल्या, त्यामुळे कळी मिटलेली असते तेव्हा तिला पीळ दिसतो. एका फुलात तो उजवा. त्याच झाडावरच्या, त्याच फांदीवरच्या दुसऱ्या फुलात डावा. फुलं काढत परडीत दोन ढीग केले. ते जवळजवळ सारखे भरले.

"देवाला दोन्ही चालतात," आजी म्हणाल्या. आयुष्यभर जास्वंद वाहिली पण हे पाहिलं नव्हतं, असंही म्हणाल्या, आणि मग परडीतली फुलं उचलून बराच वेळ उलटसुलट करत बसल्या.

जास्वंदीच्या कुळात, म्हणजे भेंडी, कापूस, अंबाडी यांतही, दिशा ठरलेली नाही. नाणेफेक केल्यासारखं अर्धं इकडे, अर्धं तिकडे. तगरीकडे वळलो तर नाणेफेक बंद. तगरीचं प्रत्येक फूल एकाच बाजूला पिळलेलं. सदाफुली तशीच, चाफा तसाच, आपण बिट्टी म्हणतो ती पिवळी कण्हेरही तशीच. आणि लाल कण्हेर बरोबर उलट. पिवळी आणि लाल दोघींचं कूळ एकच, दोघींनाही आपण कण्हेरच म्हणतो, दोघी कुंपणाला शेजारी उभ्या. एकीचा पीळ डावा, दुसरीचा उजवा, आणि झाडभर शोधूनही अपवाद सापडत नाही. या कुळाच्या दोन शाखा फार पूर्वी वेगळ्या झाल्या आणि प्रत्येकीने आपली दिशा धरून ठेवली. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत शाखा ओळखण्याची ती एक खूणच आहे.

उजवा-डावा म्हणताना कुठून पाहतो ते मात्र सांगावं लागतं. फूल समोरून पाहिलं तर एक उत्तर, देठाकडून पाहिलं तर उलट. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या व्याख्या यावरून एकमेकींच्या विरुद्ध गेल्या आहेत, आणि नवख्या वाचकाने त्यात पडूच नये. आपण फक्त दोन फुलं शेजारी ठेवावीत.

मराठी माणसाने या मुलखात फुलंपानं निरखण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1798 ते 1832 तंजावरच्या गादीवर असलेले दुसरे सरफोजीराजे पाश्चात्त्य वैद्यक आणि शरीरशास्त्र शिकलेले. त्यांनी पदरच्या चितारींकडून पशुपक्षी आणि वनस्पतींची चित्रं करून घेतली. त्यांतला एक संग्रह त्यांनी बेंजामिन टोरिन या इंग्रज रेसिडेंटला भेट दिला, तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. याच राजांनी 1803 साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठी इतिहास कोरवून घेतला. तो शिलालेख सगळे पाहतात. चित्रांची आठवण कमी लोक काढतात. मला विचाराल तर राजाचा खरा स्वभाव त्यांत जास्त दिसत असावा.

चढणाऱ्यांचे दोन पंथ

कुंपणावरची गोकर्ण एका काठीला धरून वर गेली होती. काठीसमोर उभं राहून पाहायचं: पुढच्या बाजूला दिसणारा वेलीचा भाग खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे जातो. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या स्क्रूचे आटे असेच असतात. वाल, घेवडा, गारवेल, सगळ्यांचं चढणं असंच. 2007 साली एका संशोधक गटाने नऊ देशांतल्या वेलींची पाहणी प्रसिद्ध केली. गुंडाळून चढणाऱ्या वेलींपैकी सुमारे 92 टक्के याच दिशेच्या निघाल्या, उत्तर गोलार्ध असो की दक्षिण. सूर्याच्या मागे फिरण्याशी वेलीचा संबंध असता तर विषुववृत्तापलीकडे दिशा उलटायला हवी होती. ती उलटत नाही.

मग ठरवतं कोण? एक धागा पेशींच्या आत सापडतो. पेशीत सूक्ष्म नळ्यांचं जाळं असतं आणि पेशीने कोणत्या दिशेला लांबायचं ते त्याच्यावर अवलंबून असतं. जपानमधल्या संशोधकांना मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात असे बदल सापडले की त्या नळ्या घडवणाऱ्या प्रथिनात जरासा फरक पडताच सरळ वाढणारं रोप पिळत वाढू लागलं, आणि तेही एका ठरावीक बाजूला. म्हणजे हाताएवढ्या वेलीचं वळण डोळ्याला न दिसणाऱ्या नळीच्या वळणातून येतं. पण बहुतेक वेलींनी हीच बाजू का धरली, याचं सर्वांना पटणारं उत्तर अजून नाही.

उरलेल्या आठ टक्क्यांतली एक वेल कोकणातल्या वाचकाला माहीत आहे. कोनफळ आणि कडू कारंदा या दोन्ही एकाच वंशातल्या कंदवेली. दोघी शेजारी लावल्या तर एकमेकींच्या उलट चढतात. पानं ओळखू येत नसतील तेव्हा नुसत्या पिळावरून ओळखता येतं.

आजींच्या परसात मात्र मान पानवेलीचा. कुंभकोणमचं कोवळं विड्याचं पान प्रसिद्ध, 2025 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पानमळा इकडेही आपल्यासारखाच: सरळ वाढणाऱ्या हादग्याच्या ओळी आणि त्यांवर वेली. पण पानवेल गुंडाळतच नाही. प्रत्येक पेरापाशी बारीक मुळं फुटतात आणि ती सालीला चिकटतात. ती उजवी नाही, डावीही नाही. वर जाताना ढळू नये म्हणून माणूस तिला सोपटाने बांधत जातो, एवढंच.

पडवळ आणि कारल्याची तऱ्हा तिसरीच, आणि सगळ्या परसात मला सर्वांत आवडलेली. यांचं खोड सरळ जातं, पण बाजूने बारीक तंतू बाहेर पडतात. तंतू हवेत चाचपडत राहतो, मांडवाची काडी लागली की टोकाने तिला विळखा घालतो. आता त्याची दोन्ही टोकं बांधलेली, एक काडीला आणि एक वेलीला. मग मधला भाग आखडून वेटोळी होऊ लागतो आणि वेल मांडवाकडे ओढली जाते. इथे अडचण येते. दोन्ही टोकं धरलेला दोरा एकाच बाजूला पिळता येत नाही, कुठलं तरी टोक फिरावं लागतं. तंतूने काढलेला मार्ग असा: अर्धी वेटोळी उजवी, मध्ये एक सरळ छोटा तुकडा, पुढची अर्धी डावी. बेरीज शून्य. जुन्या टेलिफोनच्या गुंडाळीच्या वायरीत कधीकधी मध्येच उलटी गाठ पडायची आणि ती सुटता सुटत नसे, ती हीच. डार्विनने 1865 साली वेलींवर लिहिताना याचा हिशेब मांडून दाखवला होता. अशी उलटापालट असलेला तंतू वाऱ्यात ताणला जातो, सैल होतो, पण तुटत नाही. मांडवाखाली खुर्ची टाकून मी तंतूंमधले ते सरळ तुकडे शोधत बसले. काही तंतूंत ते एकाहून जास्त निघाले. दर वेळी दिशा उलटलेली.

"पडवळ काढायला आलीस की मोजायला?" आजींनी विचारलं.

शंख आणि गोगलगाय

विहिरीच्या कठड्यावर पावसाळ्यात मोठ्या गोगलगायी चढतात. या मूळच्या पूर्व आफ्रिकेतल्या. 1847 साली विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणून कलकत्त्यात एका बागेत सोडल्या आणि तिथून त्या देशभर पसरल्या. आजी त्यांना चिमट्याने उचलून मिठात टाकतात. उचललेल्या प्रत्येकीचा शंख पाहिला: टोक वर धरलं की तोंड उजव्या हाताला.

गोगलगायींच्या जगात उजव्यांचंच राज्य. डावी क्वचित सापडते, आणि तिच्यापुढे मोठा पेच असतो. शरीरच उलटं असल्याने उजव्या गोगलगायीशी तिचा समागम जमत नाही. 2016 साली लंडनमध्ये बागेतल्या पालापाचोळ्याच्या ढिगात अशी एक डावी गोगलगाय सापडली. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या अँगस डेव्हिसन यांनी तिचं नाव जेरेमी ठेवून तिला जोडीदार हवा असं जाहीर आवाहन केलं. दोन डाव्या गोगलगायी मिळाल्या, एक इंग्लंडातून आणि एक स्पेनच्या मायोर्का बेटावरून. त्या दोघींनी आधी एकमेकींशीच सूत जमवलं. शेवटी जेरेमीलाही संतती झाली, सगळी उजवी. जेरेमीचं डावेपण वारशाने आलेलं नव्हतं, वाढीतला निव्वळ अपघात होता, असा निष्कर्ष पुढे निघाला. तळ्यातल्या गोगलगायींत मात्र डावेपण वारशाने येतं, आणि त्याची रीत मजेशीर आहे. पिल्लाच्या शंखाची दिशा पिल्लाच्या नव्हे, आईच्या जनुकांवरून ठरते.

डावेपणाचा फायदाही एके ठिकाणी झाला आहे. जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर गोगलगायी खाणारा एक साप आहे. त्याच्या उजव्या जबड्यात डाव्यापेक्षा जास्त दात असतात, कारण शिकार बहुतेक उजवीच. डावी गोगलगाय समोर आली की त्याची पकड सुटते.

आजींच्या देवघरात शंख होता, साधाच, रामेश्वरकडून आणलेला. वलंपुरी, म्हणजे आपल्याकडचा दक्षिणावर्ती, मिळाला तर भाग्य, असं दोन्ही भाषांत मानतात. प्राणिशास्त्रज्ञ त्याच दुर्मिळ शंखाला डावा म्हणतात, कारण ते टोक वर धरतात आणि पूजेत तो दुसऱ्या बाजूने धरला जातो. वस्तू एकच आणि वादही नाही. दुर्मिळ कोणता, यावर देऊळ आणि प्रयोगशाळा यांचं एकमत आहे. देशी औषधांच्या दुकानात अशीच जोडी मुरुडशेंगेची असते, बाळगुटीत उगाळतो तीच. इथे उजव्या पिळाची आणि डाव्या पिळाची नावानिशी वेगळी मागतात.

गाळ, मेण आणि झावळी

स्वामिमलैच्या रस्त्यावर पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींची दुकानं ओळीने लागतात. मेणात राळ मिसळून आधी मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. साचा फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही, त्यामुळे एका साच्याची मूर्ती एकच. मेणालगतचा पहिला थर सर्वांत नाजूक, नखाची रेघसुद्धा उमटवून घेणारा. त्याला कावेरीचा तो बारीक गाळ लागतो. आजींच्या ओसरीच्या तुळईवर कुंभारीण माशीने नखाएवढी मडकी चिकटवली आहेत. तीही ओली माती तोंडाने आणते, मडक्यात एक अंडं घालते, भूल दिलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपून टाकते. तिलाही जाडीभरडी माती चालत नाही.

एका कारखान्यात वलंपुरी गणपतीचं मेणाचं रूप तयार होत होतं, सोंड उजवीकडे. नेहमीची सोंड डावी. उजवीला मागणी कमी, सोवळं जास्त. स्थपतींनी मापासाठी हातात घेतली होती झावळीची पट्टी. मूर्तीच्या उंचीएवढी पाती कापायची, शास्त्राप्रमाणे घड्या घालून तिचे भाग पाडायचे. चेहरा इतके भाग, मान इतके, छाती इतके. आकड्यांची पट्टी नाही, इंच-सेंटीमीटर नाहीत. मूर्ती झाली की पाती फेकून द्यायची, पुढच्या मूर्तीला नवी.

नारळ

नारळाला सरासरी महिन्याला एक झावळी येते आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पेंड. नवी झावळी आधीच्या झावळीवर येत नाही, सुमारे 140 अंश सरकून येते. हे सरकणं काही झाडांत डावीकडून, काहींत उजवीकडून. खालून पाहिलं तर खूण अशी की पेंड झावळीच्या देठाच्या एका बाजूला कललेली असते. शेजारच्या झाडात ती दुसऱ्या बाजूला असली तर ते उलट्या हाताचं.

या विषयावर जगात सर्वांत जास्त झाडं मोजली ती टी. ए. डेव्हिस यांनी. ते आधी केरळात कायंकुळमच्या नारळ संशोधन केंद्रात होते, पुढे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. तिथे जे. बी. एस. हाल्डेन होते, ब्रिटन सोडून 1957 साली भारतात आलेले. महागड्या यंत्रांशिवाय, नुसत्या डोळ्यांनी आणि मोजणीने करता येईल असं विज्ञान भारतात व्हावं, असा हाल्डेन यांचा आग्रह. डेव्हिस यांच्यासारखा माणूस त्यांना हवाच होता. हाल्डेन संपादक असलेल्या 'जर्नल ऑफ जेनेटिक्स'मध्ये 1962 साली डेव्हिस यांनी दाखवलं की नारळाची दिशा वारशाने येत नाही. डाव्या झाडाची रोपं निम्मी डावी, निम्मी उजवी. जास्वंदीच्या फुलांचीही मोजणी त्यांनी केली होती. पुढच्याच वर्षी त्यांचा दुसरा लेख आला आणि तो बागायतदारांच्या कानापर्यंत जावा असाच होता: त्यांच्या मोजणीत डाव्या झाडांना उजव्यांपेक्षा जास्त नारळ लागले होते.

वारसा नाही तर निवड करून डाव्या झाडांची बाग वाढवता येणार नाही. पण रोपवाटिकेत डावी रोपं ओळखून तेवढीच लावता येतील, असं मनात आलं. आजींच्या मागच्या ओळीत डावी-उजवी दोन्ही होती. नारळ उतरवायला येणारा माणूस त्या दिवशी आला होता. कमरेची कोयती सारखी करत, पायात दोरीचा फास अडकवत तो वर जायच्या तयारीत होता. आजींनी मध्ये तमिळ केली आणि डेव्हिस यांची मोजणी त्याला सांगितली. कुठली झाडं जास्त देतात रे, डावी की उजवी?

त्याने ओळीकडे पाहिलंही नाही. न्हाणीचं सांडपाणी जिकडे जातं, तिकडची तीन, तो म्हणाला, आणि चढायला लागला.

ती तीन झाडं मी नंतर खालून पाहिली. दोन डावी होती, एक उजवं.